पट्टा सुटल्यावर

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत मराठी घरी बाळंतपण असलं की भारतातून आई किंवा सासू येते. तिच्या बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं असतं. लुगडं अर्थात पोट बांधायला. लेकीने तोवर वेल्क्रोचा पट्टा मागवलेला असतो. सव्वा महिना पोट आवळलं जातं, पट्टा सुटतो, पोट पुन्हा पुढे येतं आणि मग मला फोन येतो, "ताई, माझे स्नायू फाटलेत का हो?"

फाटलेले नसतात. पोटावर पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध कोलॅजनची एक पट्टी जोडून ठेवते. गर्भ वाढतो तशी ही पट्टी रुंद आणि पातळ होते, म्हणजे दोन स्नायूंमध्ये फट पडते. वर्षानुवर्षं नेसून विरलेलं लुगडं फाटत नाही, पण ताण धरत नाही. तशीच तिची गत. पोर्तुगालमधल्या २०१५च्या एका अभ्यासात पस्तिसाव्या आठवड्यात तपासलेल्या सगळ्याच गर्भवतींमध्ये ही फट आढळली. नॉर्वेत ३०० पहिलटकरणी वर्षभर तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींना फट होती, वर्षाने साधारण एक तृतीयांश जणींना उरली होती. आणि फट असलेल्यांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत होती असंही नाही. तेव्हा प्रत्येक दुखण्याचं खापर या फटीवर फोडू नका.

घरी तपासायचं तर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेवा आणि डोकं थोडंसं उचला. दोन बोटांहून जास्त जागा लागली की बायका घाबरतात. मी मात्र किती बोटं हे नंतर विचारते. बोटांखालचा तळ घट्ट लागतो की बोटं लोण्यात गेल्यासारखी आत जातात, हे मला आधी हवं असतं. रुंद फट असूनही पोट छान ताण धरतं अशा बायका मी खूप पाहते, आणि त्या दोन मुलांना उचलून जिने चढतात.

म्हणूनच उपचाराचा मोठा भाग चटईवर नसतो, दिवसभराच्या कामांत असतो. अंथरुणातून सरळ उठू नका; कुशीवर वळा, हाताचा रेटा द्या, मग बसा. आपल्या आज्या हे आधीपासून सांगतात. इथली खरी परीक्षा जानेवारीत. बाळासकट कारसीट एका हाताच्या कोपराला अडकवून, निसरड्या बर्फावरून गाडीपर्यंत जायचं! सगळा भार एकाच बाजूला आणि पाय घसरण्याची भीती. जमलं तर सीट गाडीतच राहू द्या आणि बाळाला छातीशी धरून न्या. नाही जमलं तर दोन्ही हातांनी, अंगालगत धरा आणि उचलताना श्वास सोडा. श्वास कोंडून उचललं की पोटाच्या मधोमध उंचवटा येतो. तो आला की समजायचं, भार झेपत नाहीये. तळघरातून वर आणायची कपड्यांची टोपली आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ यांना हाच नियम. बर्फ मात्र पहिले काही महिने नवऱ्यानेच काढावा, यात माझा अजिबात पक्षपात नाही.

शौचाला कुंथणं हेही वजन उचलण्यासारखंच आहे, पण ते कुणी विचारत नाही. लोहाच्या गोळ्यांनी अनेकींना बद्धकोष्ठ होतं. पायांखाली छोटं स्टूल घ्या, पाणी वाढवा, लाडवांच्या जोडीला भाजीही खा.

व्यायाम साधे असतात. श्वास सोडत लघवी रोखल्यासारखं आत ओढायचं, ओटीपोट हलकेच मागे घ्यायचं. ते जमलं की टाच घसरवत पाय लांब करायचा, मग कंबर उचलायची. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून. "क्रंचेस करूच नयेत का?" यावर फिजिओथेरपीतले संशोधक डायान ली आणि पॉल हॉजेस यांचं २०१६चं काम मला पटतं. डोकं उचलताना फट उलट अरुंद होते, पण मधली पट्टी ढिली पडते. आतला आडवा स्नायू आधी आवळला तर ती ताण धरते. तेव्हा कायमची बंदी नको, क्रम सांभाळा. आणि चाला! उन्हाळ्यात पर्गेटरी क्रीकच्या वाटेने, थंडीत ईडन प्रेरी सेंटर मॉलमध्ये.

पट्ट्याचं काय? पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः सिझेरियननंतर, खोकताना आणि उठताना आधार वाटतो, म्हणून जरूर बांधा. श्वास पुरेना इतका आवळला तर दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो. पट्टा स्नायूंचं काम करून देतो, त्यांना शिकवत नाही.

बेंबीजवळ कडक, दुखरी गाठ आली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या तर व्यायाम सोडून थेट इमर्जन्सीत जा. हर्नियात आतडं अडकलेलं असू शकतं. एरवी, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८पासून सांगितलंय की पहिल्या तीन आठवड्यांत डॉक्टरांशी बोलणं आणि बारा आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी व्हावी. त्या तपासणीत पोटाला हात लावून बघा, असं तुम्हीच सांगा. मिनेसोटात फिजिओथेरपिस्टकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही जाता येतं. विमा कंपनीला मात्र आधी फोन करा.