हाळी

शिवाजी पेठेतल्या घरांना दोन पत्ते असतात. एक महापालिकेच्या दप्तरातला: अमुक क्रमांक, 'ए' वॉर्ड. दुसरा गल्लीच्या तोंडी असलेला: गिरणीवाल्यांच्या समोरचे, वस्तादांच्या मागचे, पूर्वी म्हैस बांधलेली असायची ते. पहिला पत्ता टपाल पेठेपर्यंत आणून सोडतो, दुसरा दारापर्यंत नेतो. राजारामपुरीत गल्ल्यांनाच क्रमांक असल्यामुळे परगावचा माणूस मोजत मोजत घर गाठू शकतो. पेठेत मोजून काही साधत नाही. उभ्या मारुतीपाशी किंवा निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ थांबून कुणाला तरी विचारावे लागते, आणि विचारले की 'कुणाकडं आलासा?' हा प्रतिप्रश्न ठरलेला. आपण कोण, कुठले हे सांगितल्याखेरीज घर सापडत नाही.

संगणकांच्या जाळ्यातही जवळजवळ हीच रीत आहे, हे मला गेल्या पावसाळ्यात एका नसत्या भानगडीमुळे कळले. या रीतीचे नाव 'ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल', रुळलेले लघुरूप एआरपी. 'प्रोटोकॉल'ला आपल्या शासनव्यवहारात 'राजशिष्टाचार' म्हणतात. त्यातला 'राज' वगळला की उरणारा 'शिष्टाचार' येथे अगदी चपखल बसतो (पारिभाषिक शब्द घडवताना असे भाग्य क्वचितच लाभते). डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये 'आरएफसी ८२६' या क्रमांकाच्या टिपणात हा शिष्टाचार मांडला. प्रत्येक यंत्राला एक पत्ता जाळ्याकडून मिळतो, बत्तीस बिटांचा, १९२.१६८.१.२३ यासारखा. तो आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा असू शकतो. हा झाला वॉर्डातला क्रमांक. दुसरा अठ्ठेचाळीस बिटांचा, कारखान्यातच कोरलेला. तो सहा जोड्यांत लिहितात. पहिल्या तीन जोड्या उत्पादकाच्या, पुढच्या तीन त्या एका नगाच्या. हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव मागाहून लिहितात, तसेच हे.

एका यंत्राला दुसऱ्याकडे काही पोहोचवायचे असते तेव्हा क्रमांक ठाऊक असतो, नाव नसते. मग ते हाळी देते: '१९२.१६८.१.२३ कोण आहे? १९२.१६८.१.१ ला सांगा.' ही हाळी जाळ्यातल्या सर्वांना ऐकू जाते. उत्तर मात्र विचारणाऱ्याच्याच कानी पडते. विचारणारा हाळीतच आपले नाव आणि क्रमांकही सांगून टाकतो. ज्यांच्या वहीत त्याची नोंद आधीपासून असते, ते ती ताजी करून घेतात. 'कुणाकडं आलासा?' असे उलट विचारण्याची वेळच येत नाही.

एक गोष्ट मात्र या शिष्टाचारात नाही. मिळालेले उत्तर खरे की खोटे, हे तपासण्याची सोय. 'तो मीच' असे कोणीही म्हणावे आणि इतरांनी ते वहीत लिहून घ्यावे. प्लमर यांच्या काळी एका तारेवरची माणसे बहुधा एकाच संस्थेतली, परस्परांना ओळखणारी असत. त्या विश्वासावर उभारलेली ही रीत आज घरोघरी चालते आहे, आणि तिच्यातल्या याच भोळेपणाचा फायदा घेऊन कुणी दोघांच्या मध्ये गुपचूप बसू शकतो. एकाला सांगायचे की दरवाजा मी, दरवाज्याला सांगायचे की घरातला माणूस मी. या लबाडीचे लक्षण असे, की एकाच क्रमांकावर दोन नावे आलटून पालटून हक्क सांगू लागतात.

आमच्या घरी नेमके हेच लक्षण दिसले.

धाकटे दीर पुण्यात संगणकाच्याच व्यवसायात आहेत. टाळेबंदीत, २०२० साली, मी घरातून तास घेऊ लागले तेव्हा त्यांनी एक लहानशी पेटी आणून बसवली. तिला फायरवॉल राउटर म्हणतात. बाहेरच्या तारेवरून येणाऱ्याला ती अडवते आणि घडेल ते नोंदवून ठेवते. त्या नोंदी ते अधूनमधून पुण्यातून पाहतात. जुलैमध्ये एके दिवशी त्यांचा फोन आला. "वहिनी, तेवीस क्रमांकावर दोन यंत्रं हक्क सांगतायत. रोज. मध्ये कुणीतरी बसलंय असं दिसतंय." पेटी असताना हे कसे, या माझ्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर महत्त्वाचे होते. पेटी दारावरचा पहारेकरी आहे. हाळीचा व्यवहार घरातल्या घरात, पेटीला न विचारताच चालतो. आत आलेल्याने आत काय बोलावे यावर पहारेकऱ्याचा इलाज नाही.

आत कोण आले असेल? येथे प्रकरण तंत्राचे राहिले नाही. त्याच टाळेबंदीत शेजारच्या मुलाला आम्ही वायफायचा परवलीचा शब्द दिला होता. तेव्हा तो शाळेत होता. आता संगणकाची पदविका करतो आहे. त्याच्या आणि आमच्या घराची मागची भिंत एकच. त्याच्या आजीचे आणि सासूबाईंचे चाळीस वर्षांचे जाणे-येणे. तिखट-मिठापासून दवाखान्याच्या फेऱ्यांपर्यंत. तरी घरात सर्वांच्या मनात एकच नाव आले आणि ते सासूबाईंनी उच्चारले. "त्या पोराला बोलावून विचारा की सरळ. पैशाबियशाचं काय झालं तर?" पैशांपुरते भावजींनी समजावले, की बँकेशी होणारा व्यवहार बंद लिफाफ्यातून जातो, मध्ये बसलेल्याला लिफाफा दिसेल, आतली चिठ्ठी नाही. त्याने कोणाचे समाधान झाले नाही. मी एवढेच म्हटले की विचारण्याआधी नोंदी वाचू. एकदा विचारले की ते विचारलेलेच राहते. उत्तर 'नाही' आले तरी भिंत पूर्वीची राहत नाही.

मग त्या नोंदी मी वाचल्या. वाचणे हाच माझा पेशा आहे, आणि एकाच पोथीच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाठभेद पाहण्याची सवय येथे अनपेक्षितपणे कामी आली. प्रत्येक ओळीचा सांगाडा एकच: तेवीस क्रमांक या नावावरून त्या नावावर गेला. नंतर, त्या नावावरून या नावावर आला. नावे दोनच होती. यंत्रे ही नावे अंक आणि अक्षरे मिसळून लिहितात, त्यामुळे प्रथमदर्शनी ती सारखीच निरर्थक दिसतात. पण एकाखाली एक लिहिल्यावर दिसले, की शेवटच्या तीन जोड्या दोन्हींत तंतोतंत त्याच आहेत. बदलल्या आहेत त्या फक्त पहिल्या तीन. उपसर्ग वेगळा, धातू तोच. तीन जोड्यांत पावणेदोन कोटींच्या आसपास शक्यता असतात; तेव्हा हा योगायोग मानणे कठीण. दोन परकी माणसे एकच नाव घेऊन, आडनाव तेवढे बदलून येत नाहीत. ते एकच माणूस असते.

दुसरा धागा वेळेचा. रोज पहाटे पावणेसहाच्या सुमारास एक बदल, सातच्या आधी उलट बदल. रात्री साडेदहाला पुन्हा एक. एकादशीला पहाटेची नोंद पाऊण तास अलीकडे. पदविकेचा विद्यार्थी एकादशी पाळून घुसखोरी करील, हे मला पटेना.

तेवीस क्रमांक सासूबाईंच्याच फोनचा होता.

पेठेतली जुनी घरे अरुंद आणि लांबलचक असतात. आमचेही तसेच, जाड भिंतींचे. पुढच्या सोप्यातले वायफाय मागच्या स्वयंपाकघरात पोहोचत नाही, म्हणून तेथे लहर पुढे ढकलणारे एक छोटे उपकरण लावले आहे. अशी काही उपकरणे आपल्या आधाराला आलेल्या फोनचे बोलणे पुढे पोहोचवताना त्याच्या नावाचा पहिला अर्धा भाग स्वतःचा लावतात. पाहुण्याला यजमानाचे आडनाव मिळावे तसे. सासूबाई पहाटे उठून फोनवर हरिपाठ लावतात आणि तो हाती घेऊन सोप्यातून मागच्या देवघरात जातात. फोनचा क्रमांक तोच राहतो, उपकरणामुळे नाव बदलते, आणि पेटी निमूटपणे लिहिते: तेवीस येथून तेथे गेला. दुसऱ्या दिवशी मी सोप्यात उभी राहून भावजींशी फोनवर बोलत होते आणि सासूबाईंना सहज मागे-पुढे फिरायला सांगितले होते. त्या प्रत्येक फेरीला ओळ उमटली. भावजींनी मान्य केले.

सासूबाईंची प्रतिक्रिया वेगळीच होती. "म्हणजे मी कधी उठते, कधी निजते ते लिहून ठेवतंय होय हे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तोवर मी बाहेरच्या बाजूच्या नोंदीही वाचू लागले होते. आमच्या गल्लीचा केबलचालक बरीच घरे एकाच जाळ्यात गुंफतो, त्यामुळे एकाची हाळी सर्वांच्या दारावर येते. काही हाळ्या चालकाच्या यंत्राच्या: एकामागून एक क्रमांक घेऊन, कोण जागे आहे ते पाहणाऱ्या. त्या पाहून दचकण्याचे कारण नव्हते. (२००१ च्या उन्हाळ्यात 'कोड रेड' नावाचा किडा जगभर वाटेल त्या क्रमांकांवर धावत सुटला, तेव्हा केबलच्या जोडण्यांवर अशाच अनुत्तरित हाळ्यांचा पूर आला होता. तो प्रकार निराळा.) पण वीज जाऊन परत आली, की घरोघरची यंत्रे एकदम आपापले नाव-क्रमांक पुकारतात. मिनिटाभरात अख्खी गल्ली बोलून घेते. कोणते घर या पुकाऱ्यात नाही, कोण रात्री यंत्र बंद करून झोपतो आणि कोणाचे यंत्र पहाटे तीनला सुरू होते, हे सारे थोड्या दिवसांत ओळखू येऊ लागले. कट्ट्यावर बसणाऱ्यालाही गल्लीची खबर असते, हे खरे. पण कट्ट्यावरचा माणूस गल्लीला दिसत असतो.

बाहेरच्या हाळ्यांची नोंद मी भावजींना बंद करायला सांगितली. त्यांनी थोडी कुरकुर केली; उद्या काही झाले तर पुरावा नको का, म्हणाले. मग त्यांनीच तोड काढली. बाहेरच्या बाजूला आमच्या उपयोगाचे नाव एकच आहे, चालकाच्या दरवाज्याचे. ते बदलले तरच पेटीने कळवावे, बाकीच्यांचे लिहू नये. घरात पेटी आणि माझा कामाचा संगणक यांची नावे एकमेकांच्या वहीत कायमची लिहून टाकली. आता त्या दोघांत कोणी 'तो मीच' म्हणत आले तरी वही बदलत नाही. तेवीस क्रमांक तसाच फिरता ठेवला आहे.

दरवाज्याचे नाव त्यानंतर एकदाच बदलले, सप्टेंबरात. चालकाला फोन केला तेव्हा कळले, की आदल्या रात्रीच्या विजांत जुने यंत्र जळाले आणि सकाळी नवे बसवले. आमच्याखेरीज कोणी चौकशी केली नव्हती, म्हणाला. शेजारचा मुलगा तेव्हा आमच्याकडेच बसला होता. नाव बदलले हे पेटीला कसे समजले, असे त्याने विचारले, आणि मी त्याला नोंदी दाखवल्या. जुलैच्या सोडून.