आप्पांची पॉइंट टू-टू

अमळनेर,
12 मार्च 2025

चि. ताईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "नाना, ती जुनी रायफल आता देऊन टाकायची का?" जावईबापूंच्याही मनात तेच आहे, आणि काळजीपोटीच आहे, हे मला कळतं. आम्ही दोघं म्हातारी माणसं, घरात शस्त्र, त्यात परवान्याची कागदपत्रं सांभाळायची. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाक. ही शिकारीची बंदूक नाही. तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, ती माझ्या जन्माच्याही आधी जुनीच विकत घेतली, ती निशाणेबाजीसाठी. ते रायफल क्लबाचे सभासद होते. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात क्लबाच्या सभासदांच्या नेमबाजीसाठी लागणाऱ्या पॉइंट टू-टू (.22) रायफलीचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढं या लहान बोअरचं स्थान वेगळं. आपल्या घराण्यात या रायफलीनं एकही पाखरू मारलेलं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं आली, तेव्हा आप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचा नेम कागदावरच असायचा.

मला तिची गोडी लागली ती प्रताप कॉलेजात, एनसीसीमुळे. फायरिंगच्या दिवशी पालथं पडून, कोपर जमिनीत रुतवून, पाच गोळ्यांचा ग्रुप पाडायचा. उस्ताद म्हणायचे, श्वास अर्धा सोडा, थांबवा आणि चाप ओढू नका, दाबा. घरी येऊन आप्पांना कागद दाखवला की ते मधल्या ठिपक्याकडे बघायचेच नाहीत. पाचही भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत, तेवढंच बघायचे. "नेम मागाहून हलवता येतो रे, हात आधी एकसारखा पाहिजे," असं म्हणायचे.

आप्पा गेल्यावर परवाना माझ्या नावावर होईपर्यंत रायफल जमा होती. हातात आली तेव्हा नळीवर तांबूस गंज, दस्ता तेल पिऊन काळा पडलेला आणि बोल्ट जड झालेला. तुझी आई म्हणाली, "हिच्यात आता काय राहिलंय?" पण नळीच्या बुडाशी तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चिन्ह स्पष्ट दिसत होतं. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची ही खूण. तिच्या सायकली आणि मोटारसायकलींवरही हीच खूण असायची. ज्यांनी ती घडवली त्यांनी मन लावून घडवली होती, तेव्हा आपणही मन लावून ती चालती करायची, असं मी ठरवलं.

त्यातलं लाकडाचं आणि साफसफाईचं काम माझं. धातूचं काम परवानाधारक कारागिराचं, कारण शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा.

दस्ता अक्रोडाचा आहे. त्याला मी पॉलिश पेपर लावला नाही. जुनं तेल ओढून घेण्यासाठी स्पिरिटमध्ये कालवलेल्या मुलतानी मातीचा लेप दिला. तो वाळला की काळपट होऊन निघायचा, मग पुन्हा दुसरा. लाकूड दबून जिथे खळगे पडले होते तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात, काही खरवडावं लागत नाही. शेवटी जवसाचं तेल. आपल्या खानदेशात जवसाची चटणी घरोघर, पण हे तेल लाकडालाही तितकंच मानवतं. दोन-चार थेंब तळहातावर घ्यायचे, तळवा गरम होईपर्यंत चोळायचे आणि पुरतं सुकू द्यायचं. घाईनं जाड थर दिला की तो चिकट राहतो. आप्पांचा गाल टेकून जिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं, तो भाग मी तसाच ठेवला. ती झीज दुरुस्त करायची नसते.

नळीत चिंधी नेहमी बोल्टच्या बाजूनं घालायची, पुढून कधीच नाही. गोळी बाहेर पडते त्या तोंडाची कडा सळईनं एका बाजूला झिजली, की कितीही नेम धरला तरी गोळ्या विखुरतात. आप्पांच्या तरुणपणी जुन्या धाटणीची काडतुसंही मिळायची. त्या काडतुसांच्या राखेतले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि नळी गंजते. त्यावर उपाय उकळतं पाणी ओतणं, मग कोरडं करणं, मग तेल.

खरी अडचण मात्र निघाली चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी. ती कळायला आधी काडतूस समजून घे. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते. आपल्या काडतुसाला तशी वेगळी टोपी नाही. पेट घेणारा लेप बुडाच्या दुमडलेल्या काठातच भरलेला असतो; टोचणी त्या काठावर बसते, पितळ चेपतं आणि आतला लेप पेटतो. 1845 च्या सुमारास फ्रान्समधल्या फ्लोबेरनं हा प्रकार पुढे आणला आणि 1887 मध्ये अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीकडून आजचं .22 लाँग रायफल काडतूस आलं. काठ एकदा चेपला की काडतूस पुन्हा भरता येत नाही, पण ते स्वस्त असतं आणि धक्का जवळजवळ नसतो. म्हणून शिकणाऱ्याच्या हाती आधी हेच देतात.

या रचनेची दुसरी बाजूही आहे. काडतूस नसताना चाप दाबला तर टोचणी थेट चेंबरच्या कडेवर आदळते. कधीतरी कुणीतरी आपल्या रायफलीचा रिकामा खटका पुष्कळ वाजवला असावा. पोलादाला बारीक खळगा पडला होता, त्याची कडा आत सरकली होती आणि झाडलेलं काडतूस अडकत होतं. कारागिरानं कानस हातातही घेतली नाही. निमुळती पोलादी सळई आत घालून सरकलेला धातू त्यानं हळूहळू दाबून जागेवर बसवला. "घासलं असतं तर एवढं पोलाद कायमचं गेलं असतं," तो म्हणाला. जुन्या वस्तूला हात घालताना काय काढायचं यापेक्षा काय राखायचं ते आधी ठरवावं, हे मी त्याच्याकडून शिकलो. त्यानंतर पहिल्यांदा क्लबाच्या रेंजवर पाच गोळ्या झाडल्या, तेव्हा पाचही काडतुसं अलगद बाहेर आली. त्या दिवशीचा आनंद मला अजून पुरतोय.

तुला वाटेल, नाना जुन्यात रमलेत. पण हे काडतूस जुनं झालेलं नाही. 2010 साली म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, ती याच पॉइंट टू-टूवर. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 451.4 गुणांचं कांस्यपदक मिळवलं, तेही याच काडतुसावर. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ असतं 10.4 मिलीमीटरचं. त्यांच्या रायफली आपल्या रायफलीपेक्षा कितीतरी पुढच्या, पण श्वास आणि बोट यांचा मेळ तोच.

या रायफलीनं मला जबाबदारी शिकवली, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. एवढीशी गोळी, पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तेव्हा निशाणामागे काय आहे हे न बघता झाडायचं नाही. घरात बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळी, दोन्हींना कुलूप. निवडणुकीत जमा करायचा हुकूम आला की जमा करून पावती घ्यायची. परवान्याची मुदत चुकवायची नाही. कायद्याला प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यात मला कधी जाच वाटला नाही.

तेव्हा माझं म्हणणं ऐक. मला आता सत्तरावं संपतंय. 2016 च्या शस्त्र नियमांत परवानाधारकानं सत्तरी गाठली की हयातीतच वारसाकडे शस्त्र सोपवायची सोय आहे. वारस म्हणजे मुलगाच, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मला ती तुझ्या नावावर करायची आहे.

आखाजीच्या सणाला माहेरी येशीलच, तेव्हा ओळखपत्रं आणि फोटो घेऊन ये. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागेल, त्याची चौकशी तुमच्या पुण्यात आधी करून ठेव. परवाना देणाऱ्या कार्यालयात आपण दोघं जाऊन अर्ज देऊ. सगळं समजून घेतल्यावरही मन मागे सरलं तर मोकळेपणानं सांग; मग ती परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर देऊ, माझा राग नाही. पण आधी एकदा रेंजवर येऊन पाच गोळ्या झाडून बघ आणि मगच ठरव.

जावईबापूंना आशीर्वाद, चिमणीला पापा.

तुझे,
नाना