मटियाबुर्जचं देणं

गार्डन रीचच्या गल्ल्यांमध्ये शिलाई मशीनची घरघर दिवसभर सुरू असते. कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, पलीकडे हुगळी. यातल्याच मटियाबुर्ज भागातल्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात अवधचा नवाब वाजिद अली शाह याची कबर आहे. कथक शिकायला नागपूर सोडून कलकत्त्याला आलेल्या माझ्यासारखीचे पाय तिथे वळणारच. लखनौच्या कथकाला, ठुमरीला या नवाबानं जीव लावला.

त्याच नाचगाण्याचा ठपका ठेवून त्याचं राज्य गेलं. १८५४ मध्ये आमचं भोसल्यांचं नागपूर खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरल डलहौसीनं १८५६ च्या फेब्रुवारीत अवध घेतलं. राज्य सोडून देण्याच्या तहावर सही करायला नवाबानं नकार दिला. डोक्यावरची पगडी काढून इंग्रज रेसिडेंट आउट्रमच्या हातात दिली. पण फौजेला लढू दिलं नाही. मन नाही म्हणालं, तिथे तो नाहीच म्हणाला.

त्या नकाराचं ओझं मात्र घरातल्यांनीही वाहिलं. राज्य गेल्यावर तो कलकत्त्याला आला आणि आजारी पडला, तेव्हा पडद्यात आयुष्य काढलेली त्याची आई, मलिका किश्वर, लेकाचं राज्य मागायला समुद्र ओलांडून लंडनला गेली. हात हलवत परत निघाली आणि १८५८ मध्ये पॅरिसात वारली. तिथेच तिला मूठमाती मिळाली. लखनौत मागे राहिलेल्या त्याच्या बेगम हजरत महलनं कोवळ्या लेकाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवून इंग्रजांशी लढा दिला आणि पुढचं आयुष्य नेपाळात काढलं.

मग नवाबाचं चुकलं का? मटियाबुर्ज बघितल्यावर मला तसं म्हणवत नाही. त्याच्यामागोमाग गवई आले, नर्तक आले, शिंपी, आचारी, पतंगवाले आले. इंग्रजांच्या तनख्यावर त्यानं इथे दुसरं लखनौ वसवलं आणि १८८७ मध्ये डोळे मिटेपर्यंत या गोतावळ्याला सांभाळलं. ज्या छंदाचा त्याच्यावर ठपका आला, त्याच छंदावर कितीतरी चुली पेटल्या.

मनाचं ऐकावं, असं मी आजही ठामपणे म्हणेन. मन मारून निभावलेल्या कर्तव्यात कडवटपणा मुरतो आणि तो घरादाराच्या वाट्याला येतो. पण मनाचं ऐकणाऱ्यानं आपल्यासाठी कोण झिजतंय, हे नावानिशी ओळखावं आणि फेडता येईल तेवढं फेडावं. मी इथे तत्कार घोटते, कारण तिकडे बाबांच्या औषधांच्या वेळा वहिनी सांभाळते. तिच्याही मनात काहीतरी असेलच. ते तिला कधी कुणी विचारलेलं नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, "वहिनी, दिवाळीनंतर दोन महिने बाबांजवळ मी राहते. तुला काय करायचंय, ते आता तू ठरव."