पोरीला पायलट करू का?

परवा संध्याकाळी ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा. मूलकडे त्यांची धानाची पाच एकर शेती आहे. मुलगी बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्सला चांगले मार्क. चहा व्हायच्या आधीच ते मुद्द्यावर आले. "भाऊ, तुमचा पोट्टा पायलट हाय. मी दोन एकर इकून पोरीले तिकडंच टाकतो मनतो. टाकू का?"

मी लगेच हो म्हणू शकलो नाही, नाहीही म्हणू शकलो नाही. त्यांना जे तुटक-तुटक सांगितलं ते इथे नीट लिहितोय, कारण हा प्रश्न मला वर्षभरात चौथ्यांदा विचारला गेलाय. मोरव्याच्या धावपट्टीवर फ्लाइंग क्लबची चर्चा सुरू झाल्यापासून आपल्या जिल्ह्यातल्या पोरांच्या मनात विमान बसलंय. शेजारी गोंदियाला बिरसीत ट्रेनिंगची विमानं रोज घिरट्या घालतात, तीही आपली पोरं बघतात. स्वप्न वाईट नाही. मीही पाहिलं होतं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी ओपनकास्ट कोळसा खाणीत डंपर ऑपरेटर होतो, सव्वीस वर्षं. बाहेरच्या माणसाला वाटतं डंपर म्हणजे डंपर. तसं नसतं. कोणत्या मशीनवर बसायचं त्याचं लेखी ऑथरायझेशन असतं. डंपरवाला उद्या शॉवेलवर बसू शकत नाही. आमच्या खाणीत एक दिवस मातीचं काम ठेकेदाराकडे गेलं, त्याचे टिपर आले, त्याची माणसं आली, आणि आमचे डंपर वर्कशॉपच्या मागे रांगेत उभे राहिले. नोकरी गेली नाही, पण मशीन गेलं. दोन वर्षं मी हजेरी लावून नुसता बसून होतो. हाताखाली मशीन नसलेला ऑपरेटर काय असतो, ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

पायलटचंही तसंच असतं हे मात्र मला पोराने सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

दोनशे तास उडवले, परीक्षा पास झाल्या, लायसन्स हातात आलं. आम्ही पेढे वाटले. चाळीस लाखांच्या वर खर्च झाला होता, त्यात घर गहाण. मग पोरगा म्हणाला, बाबा, आता टाइप रेटिंग करावं लागेल. म्हणजे एअरबस ए-३२० उडवायचं तर त्याचं वेगळं, बोईंग ७३७ चं वेगळं, एटीआरचं वेगळं. ज्याचं रेटिंग तेच विमान. त्याचे पुन्हा लाखो रुपये. मी डोक्याला हात लावला, पण समजलं लगेच. ऑथरायझेशन!

त्याला पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत एटीआरवर लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही. विमानं भाड्याची होती, त्यातली दोन तर आधी दुसऱ्या देशात वापरलेली. लोक मला विचारायचे, "जुनं विमान आहे म्हणे, भीती नाही वाटत?" मी पोराला तेच विचारलं. त्याचं उत्तर मी अजून विसरलो नाही. "बाबा, विमान जुनं असल्याची भीती नाही वाटत. त्याचे कागद पूर्ण पाहिजेत, पार्ट वेळेवर बदलले पाहिजेत, मग वीस वर्षांचं विमानही चांगलं उडतं. भीती वाटते ती पार्ट विकत घ्यायला पैसे नसलेल्या कंपनीची." त्याचे सिनियर कॅप्टनही हेच म्हणतात, असं तो सांगायचा. मिनी-बारचा दिवा लागत नाही यावरून प्रवासी घाबरतो. पायलट बघतो की एका विमानाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावणं सुरू झालंय का.

नागपूरला जाणाऱ्यांपैकी ज्यांचं वय झालंय त्यांना एक जुनं विमान आठवत असेल. एअरपोर्टवर कितीतरी वर्षं एक बोईंग ७२० उभं होतं. बोईंगने ते मॉडेल बनवणं १९६७ मध्येच बंद केलं होतं. एका खासगी कंपनीचं ते विमान १९९१ मध्ये नागपुरात उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. २०१५ मध्ये ते तिथून हलवलं, म्हणजे चोवीस वर्षं! आम्ही पोरं-बाळं घेऊन जाताना बोट दाखवायचो, बघ विमान. ते उडवणाऱ्यांचं पुढे काय झालं, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही.

पोराची कंपनी चौदा महिन्यांत बसली. शेवटचे चार पगार मिळाले नाहीत. विमानं ज्यांची होती ते घेऊन गेले. पोरगा बॅग घेऊन बल्लारशाला उतरला तेव्हा मला माझे वर्कशॉपमागचे डंपर आठवले.

तो घरी बसला तसा दुसरा त्रास कळला. डंपरचा हात दोन वर्षांनी पण विसरत नाही. पायलटला नव्वद दिवसांत ठरावीक टेक-ऑफ आणि लँडिंग झाले पाहिजेत, दर काही महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा, दरवर्षी मेडिकल. कंपनी असली की हे कंपनी करते. नसली की खिशातून. बसून राहिलेला पायलट दर महिन्याला थोडा थोडा स्वस्त होत जातो. शेवटी आणखी कर्ज काढून त्याने ए-३२० चं रेटिंग केलं, कारण जाहिराती त्याच्याच निघत होत्या. दोन वर्षांनी नोकरी लागली, पुन्हा को-पायलट, सिनियॉरिटीच्या यादीत तळाला. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोरं त्याच्या वर.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं.

जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तेव्हा काय झालं ते बघा. जेटची बोईंग ७३७ विमानं भाड्याची होती. मालकांनी ती काढून घेतली आणि त्यातली बरीच स्पाइसजेटने घेतली. त्यामागोमाग ७३७ चे पायलटही स्पाइसजेटला गेले, काही कमी पगारावर. विमान गेलं तिथे माणूस गेला. ज्यांचं रेटिंग मोठ्या विमानांचं होतं त्यांना देशात तशी जागाच नव्हती, कुणी परदेशी गेले, कुणी पुन्हा शिकायला बसले. गो फर्स्ट ३ मे २०२३ पासून थांबली. कंपनीने दोष इंजिनांना दिला. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांची ५४ विमानं नोंदणीतून काढायचा आदेश दिला, मालकांना विमानं मिळाली. पुढे २०२५ मध्ये संसदेने विमानमालकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदाही केला. त्याने भाडं स्वस्त होईल, नवी विमानं येतील, हे मला मान्य आहे. पण थकलेल्या पगाराचं काय? दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये 'कामगार' असेल तर चोवीस महिन्यांची थकबाकी वरच्या रांगेत, आणि नुसता 'कर्मचारी' असेल तर बारा महिन्यांची, त्याच्या खाली. आणि रांग वाचायची तरी कुणासाठी, डब्यात काही उरलं असेल तर ना.

कंपनी बुडाली नाही तरी भांडण असतंच. २०१२ मध्ये एअर इंडियात जवळजवळ दोन महिने पायलटांचा संप झाला. पगार-बढतीचे विषय होतेच, पण मूळ ठिणगी ड्रीमलायनरची. नवीन बोईंग ७८७ येणार होतं. एअर इंडियाचे जुने पायलट म्हणत होते याचं ट्रेनिंग आमचं. विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सचे पायलट म्हणत होते आमचंही. पेपरात तेव्हा 'लाखो पगार घेणाऱ्यांचा माज' असंच छापून यायचं आणि मीही चहाच्या टपरीवर हेच बोललो होतो. आज कळतं, नवीन मशीनवर कोण बसणार हे ज्या दिवशी ठरतं त्या दिवशी पुढच्या वीस वर्षांचा पगार ठरतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्ताराचं झालं. एअर इंडियात विलीन होताना नव्या करारात ७० ऐवजी ४० तासांचाच हमी पगार आला, पायलट नाराज झाले, आणि कंपनीला रोजची २५-३० उड्डाणं कमी करावी लागली.

आणि उलटही होतं. इंडिगोने परदेशी विमानं त्यांच्या पायलटांसकट भाड्याने आणली. आमच्या खाणीत ठेकेदाराचा टिपर ड्रायव्हरसकट आला होता, अगदी तसंच. त्याच इंडिगोत डिसेंबर २०२५ ला पायलट कमी पडले म्हणून हजारो उड्डाणं रद्द झाली. विश्रांतीचा नवीन नियम लागू झाला होता, आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास. म्हणजे देशात पायलट पाहिजेत, हे खरं. पण कोणत्या विमानाचे, कोणत्या वर्षी, आणि कुणाच्या भाड्याने, हे फ्लाइंग क्लबच्या उद्घाटनाच्या भाषणात कुणी सांगत नाही. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर दिली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. ऑर्डर दिली म्हणजे विमान आलं नाही, आणि विमान आलं म्हणजे आपल्या मूलच्या पोरीला खुर्ची मिळाली असं नाही.

नोकरी सोडायची तर को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस द्यावी लागते, २०१७ चा सरकारी नियम आहे. पोराच्या कंपनीने त्याला नोटीस दिली ती व्हॉट्सॲपवर, शुक्रवारी रात्री. शनिवारी विमान नव्हतं.

मग माझं मत काय, असं पाहुण्यांनी शेवटी विचारलंच. मी म्हटलं, पोरीला नक्की टाका, पण सगळी जमीन एका घासात गिळू नका. आधी क्लास वनचं मेडिकल करून घ्या, पुष्कळ पोरं पैसे भरल्यावर तिथे अडकतात. लायसन्सचा खर्च आणि टाइप रेटिंगचा खर्च वेगवेगळा मांडा, आणि त्यात दोन वर्षं घरी बसायचे पैसे धरा. मोरव्याला किंवा कुठेही विचारा, तुमच्याकडून लायसन्स घेतलेल्यांपैकी किती जण आज कोणत्या विमानावर आहेत. उत्तर आकड्यात मागा. आपल्या आमदार-खासदारांनाही एवढं विचारायला काय हरकत आहे, आदिवासी पोरांना पायलट करू म्हणता, तर टाइप रेटिंगचे पैसे कोण देणार?

ते गप्प बसले. मग म्हणाले, "तुमचा पोट्टा परत जाईल काय हो, त्याच कामात, जर पुन्हा असं झालं तर?"

मी पोराला फोन लावला. तो हॉटेलवर होता, पहाटे चारचा रिपोर्टिंग टाइम. स्पीकरवर टाकलं. तो हसला आणि म्हणाला, "काका, तिला माझ्याशी बोलू द्या. जमिनीचं बाबांना विचारा, विमानाचं मला."

येत्या रविवारी ती पोरगी येणार आहे. सातबाऱ्याची पिशवी ते आमच्याकडेच विसरून गेले, ती मी कपाटात ठेवलीय.