अस्सल, नक्कल आणि रुजुवात

देहूस अक्षरजुळणीचा व्यवसाय करणाऱ्याकडे येणारा मजकूर बहुतांशी अभंगांचा, हरिपाठाचा, सप्ताहाच्या पत्रिकांचा आणि दिंड्यांच्या याद्यांचा असतो. क्वचित चाकणच्या कारखान्यांतील कामगारांसाठी काढलेली सूचनापत्रकेही येतात. हा मजकूर निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या संगणकांवर आणि निरनिराळ्या फॉन्टांत जुळवलेला असल्यामुळे तो आजच्या युनिकोडमध्ये आणणे हा आमच्या कामाचा नित्याचा भाग होऊन बसला आहे. आणि या कामात यंत्राच्या ज्ञानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज असते ती अस्सल मजकुराविषयीच्या निष्ठेची, अशी माझी दृढ धारणा आहे.

फाईलमध्ये वस्तुतः अक्षरे नसतात, अंक असतात. कोणत्या अंकाला कोणते अक्षर मानावे हे सांगणारे कोष्टक म्हणजे एन्कोडिंग. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे कोष्टक सिद्ध झाले, त्याची १९८८ ची आवृत्ती युनिकोडमधील देवनागरी विभागाला आधारभूत ठरली, आणि १९९१ मध्ये इस्की भारतीय मानक म्हणून प्रसिद्धही झाले. परंतु छापखान्यांच्या व्यवहारात जे फॉन्ट रुळले, त्यांत पुष्कळदा रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो रोमन चिन्हांचा अर्थहीन समूह. शिवाय तेथे क्रम डोळ्यांचा असतो: पहिली वेलांटी व्यंजनाच्या अगोदर, रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरला वेलांटी संपूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते आणि रफार अलीकडे आणावा लागतो, व नेमक्या याच दोन ठिकाणी तो अधिक चुकतो.

टेक्स्ट एडिटरमध्ये दोन आज्ञा बहुधा शेजारीच असतात. एक आज्ञा फाईलमधील अंक तसेच ठेवून ते दुसऱ्या कोष्टकाने पुन्हा वाचते. दुसरी, पडद्यावर दिसणारी अक्षरे नव्या कोष्टकाप्रमाणे अंकांत लिहून जतन करते. पहिलीने मूळ दस्तऐवजास धक्का लागत नाही. दुसरीने दस्तऐवजच बदलतो. जोवर मजकूर बरोबर वाचला गेला आहे अशी खातरजमा झालेली नाही, तोवर दुसरी आज्ञा देण्याचा अधिकार कोणासही नाही, हा या व्यवसायातील पहिला शिरस्ता असला पाहिजे.

या शिरस्त्याचे महत्त्व एका तपशिलाने स्पष्ट होईल. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे तीन अंकांचे, असते. ते विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य कोष्टकाने वाचले, तर त्या कोष्टकात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ही पाच घरे रिकामी आहेत. आणि दुर्दैव असे की, ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट १२९ आहे व हलन्ताचा १४१. अशा अवस्थेत कोणी मजकूर जतन केला आणि एडिटरने रिकाम्या घरांच्या जागी प्रश्नचिन्हे घातली, तर ‘तुकाराम’मधील उकार जातो, ‘विठ्ठल’मधील हलन्त जातो, आणि त्यांच्यासवे ए, ऐ, झ आणि ॐ ही अक्षरेही जातात. पुढे एन्कोडिंग कितीही वेळा बदलले तरी गेलेला बाइट परत येत नाही.

म्हणून अस्सल फाईल केवळ वाचनापुरती खुली ठेवावी आणि काम नकलेवर करावे. वेलांटी, रफार, उकार आणि जोडाक्षरे असलेले शब्द निवडून प्रथम तेच पडताळावे. नवी फाईल नव्या नावाने जतन करावी. ती उलट जुन्या एन्कोडिंगमध्ये नेऊन अस्सलाशी बाइटागणिक ताडून पाहावी. रोमन घरांवर बेतलेल्या जुन्या फॉन्टांच्या मजकुरात अशी तुलना नेहमी साधत नाही. तेथे एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून रुजुवात घ्यावी. ‘तऱ्हा’मधील जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते, व स्वतंत्र ‘ॲ’ तर २००८ मध्येच दाखल झाला. अशा भेदांनी शोध निष्फळ ठरतो हे खरे, तथापि त्यांचे एकरूपीकरण रूपांतराच्या भरात करू नये, ते स्वतंत्रपणे आणि नोंद ठेवून करावे. ‘तें’, ‘जें’ यांवरील जुने अनुस्वार तर शुद्धलेखनाच्या उत्साहात कदापि पुसू नयेत.

विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ आणि १८७३ मध्ये तुकोबांच्या गाथेचे दोन खंड प्रसिद्ध केले, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते त्यांनी ताडून पाहिली आणि पाठभेद वाचकांपुढे ठेवले. आपला निर्णय चुकीचा असू शकेल आणि पुढच्या अभ्यासकाला तो तपासता आला पाहिजे, ही जाणीव त्या श्रमामागे होती. रूपांतर करणाऱ्यानेही अस्सल फाईल, तिच्या फॉन्टचे नाव आणि केलेल्या बदलांची नोंद ही तिन्ही नकलेबरोबर सुपूर्द करावीत. कारण आपल्या कामाची चूक दुसऱ्याला शोधता यावी, अशी व्यवस्था केल्यावाचून ते काम पुरे झाले असे म्हणता येत नाही.