सूर्यास्त किती वाजता?

मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी मेल रात्री निघते, आणि पारसनाथ स्थानक येईपर्यंत तिच्यात दोन रात्री व एक अख्खा दिवस काढावा लागतो. विमानाने रांची गाठता आली असती. पण आईला रेल्वेनेच जायचे होते. वडिलांनी शिखरजीची यात्रा ठरवली होती ती याच गाडीने. दुकान बंद ठेवायचे कसे, या प्रश्नापाशी ती दरवर्षी अडली, आणि एके वर्षी तेच गेले.

फाल्गुनाचे दिवस. जबलपूर दुपारी आले. १८७० साली मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ येथेच एकमेकांना मिळाले. पुढे सतना.

पळस आला, पळस गेला,
कोण थांबते खिडकीपाशी?
डबा उघडा, तरी आईचे
डोळे लागले आकाशाशी.

आईचा चौविहार चाळीस वर्षांचा. घरच्या दिनदर्शिकेतील सूर्यास्त इथे उपयोगाचा नाही. पूर्वेकडे एक अंश सरकले की सूर्य चार मिनिटे आधी मावळतो. पुण्याहून माणिकपूर सुमारे सात अंश पूर्वेला, म्हणजे जवळजवळ अर्धा तास. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. ती म्हणाली, "कागद ठेव रे. सूर्य दिसतोय ना?" दोन दशम्या खाऊन, पाणी पिऊन तिने डबा मिटला.

मिर्झापूरजवळून साडेब्याऐंशी अंशांची रेषा जाते. साऱ्या देशाची घड्याळे तिच्यावर लावलेली. ज्या वेळेवर मी छत्तीस वर्षे तिजोरीला किल्ल्या लावल्या, तिचे गाव अंधारात निघून गेले.

मध्यरात्रीनंतर आईला कोरडा खोकला लागला. वय ८४. पाण्याची बाटली माझ्या हातात, आणि मागण्याचे नाव नाही. वडील असते तर त्यांनी काय केले असते, कोण जाणे. मी बाटली खाली ठेवली आणि तिची पाठ चोळत बसलो.

सोन नदीचा पूल सरेना,
खाली वाळू, वाळूत पाणी;
ओठ कोरडे, तरी अखंड
चालली नवकाराची वाणी.

पारसनाथला उतरलो तेव्हा उजाडायचे होते. येथे सूर्य पुण्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे आधी उगवतो. काल गेलेला अर्धा तास असा व्याजासह परत मिळाला. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे मोजून नवकारसी झाली. चढ, वंदना आणि उतार मिळून २७ किलोमीटर; तिला डोलीत बसवायचे हे मी मनाशी ठरवले होते, बोललो मात्र नव्हतो. पाण्याचे दोन घोट घेऊन आईने पहिला प्रश्न विचारला तो डोलीच्या दराचा. आणि दर ऐकल्यावर, "थोडे कमी करतात का, बघ."