मागं कोण लागलंय?

हिमायतनगरात सकाळी पळणाऱ्याला कारण द्यावं लागतं. विशीतला पोरगा पळत असेल तर तो भरतीचा. त्याला कोणी अडवत नाही. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि त्यातल्या एकेका सेकंदावर घरादाराचा जीव टांगलेला असतो. माझ्यासारखा एकोणपन्नाशीचा, पोट थोडं पुढं आलेला माणूस दिसला, की लोक परस्पर निदान करून मोकळे होतात. शुगर! मी नाही म्हटलं तर चेहऱ्यावर सहानुभूती येते, बिचारा लपवतोय.

सुरुवात मीही डांबरी रस्त्यावर केली. मोबाइलवर किलोमीटर मोजायचे, कालच्यापेक्षा दहा सेकंद कमी झाले की दिवसभर छाती फुगवून हिंडायचं. एका पहाटे टिप्परचा उजेड डोळ्यांवर आला आणि मी घाबरून बाजूच्या पांदणीत उतरलो. तिथून परतलोच नाही म्हणायला हरकत नाही.

सह्याद्रीतल्या मंडळींचं बरं आहे. साताऱ्यात २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून-उतरून लोक पदकं घेऊन जातात. आमच्याकडे घाट नाही, गड नाही. आहेत त्या गाडवाटा, धुरे, मुरमाड माळ, आणि उत्तरेला पैनगंगा, जिच्या पलीकडे विदर्भ सुरू होतो. पण या वाटांनी मला एक शिकवलं. डांबरावर हजार पावलं म्हणजे एकच पाऊल हजारदा. पांदणीत प्रत्येक पाऊल नवं पडतं. इथं चाकोरी, तिथं बाभळीचा काटा, पुढं म्हशीनं बसून केलेला खड्डा. नजर तीन-चार पावलं पुढं ठेवावी लागते, आणि तेवढ्या जागेत घरचं कर्ज, पोराची बारावी, कशालाच शिरता येत नाही. वेग तर विचारूच नका. चढाला मी सरळ चालतो. पंचविशीत याची लाज वाटली असती.

खरी मालक काळी माती. चैत्रात तिच्या भेगांत टाच सहज अडकते. मृगाचा पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला असा लोंदा धरते, की दर दहा पावलांना काडीनं खरवडावं लागतं. तीन पावसाळे मी जिद्दीनं प्रयत्न केला. आता बूट काढून हातात घेतो आणि मुकाट्यानं घरी येतो. मुरमाच्या माळावर मात्र पाणी ठरत नाही. पाऊस उघडला की तासाभरात तिथं पळता येतं. ही अक्कल कुठल्या प्रशिक्षकानं नाही, शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनी दिली. हिमायतनगराला ते अजून जुन्या नावानं वाढोणाच म्हणतात.

कारणाशिवाय पळणं आपल्याकडे पटत का नाही, याचा मी पळता पळता बराच विचार केलाय. भाषेतच गोम आहे. पळ काढतात, पळपुटे असतात, पोरगी पळून जाते. धाव घ्यायची ती मदतीला. देवाचा धावा करायचा तो संकटात. नुसती मजा म्हणून पळण्याला आपण एकच शब्द ठेवलाय, हुंदडणं, आणि तोही वासरांना आणि पोरासोरांना देऊन टाकलाय. बारामतीच्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या, २०१४ साली स्पर्धा जिंकल्या. पण त्यांच्याही मागं कारण होतं. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा निघाला. तो पाहताना मला माझ्या भारी बुटांची जरा शरम वाटली. कारण नसणं ही चैन आहे, हे कबूल. माझा पगार महिन्याला वेळेवर येतो, म्हणून मी हुंदडतो.

पण हुंदडतोच. विशेषतः होळीच्या आसपास, माळाकडेला पळस पेटलेला असतो तेव्हा. उताराला लागलं की गुडघा आधी कुरकुरतो, मग गप्प बसतो, आणि हात आपोआप दोन्हीकडे फाकतात. एकदा रोह्यांचा कळप समोरून आडवा गेला. ते थांबले, मीही थांबलो. मग त्यांनी मान वळवून पुन्हा दौड घेतली. त्यांना माझी भीती वाटली असं मला वाटत नाही. कंटाळा आला असावा.

त्याच दिवसांत हळद शिजते. अंधारातच कुकर पेटवलेला, वाफेचा तो मातकट-कडू वास दोन शेतं अलीकडूनच नाकात शिरतो. परवा वळणावर जाळ सारत बसलेल्या मावशी मला बघून उठून उभ्या राहिल्या.

‘‘का हो गुरुजी, काहून पळू लालाव?’’

‘‘असंच.’’

त्यांनी डोळ्यांवर हात धरून माझ्या मागची वाट पार वळणापर्यंत न्याहाळली.

‘‘मागं तर कोणीच नाई.’’

‘‘नाही.’’

‘‘मंग बसा की. च्या ठेवलाय.’’

मी पोत्यावर टेकलो. मनगटावरचं घड्याळ बंद करायचं राहून गेलं. मावशींनी कपात चहा गाळला, बशी मागून दिली, आणि हळदीला यंदा काय भाव आहे ते सांगायला लागल्या.